पांढऱ्या बलकाचा हिवाळा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून ठेवला की पंधरा-वीस दिवसांत नोएडात धुकं उतरतं, आणि आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर उकडलेल्या अंड्यांची गाडी उभी राहू लागते. गाडीवाला अंडं सोलतो, दोऱ्याने त्याचे दोन भाग करतो, वर काळं मीठ भुरभुरवतो. लोक टोप्या कानांवर ओढून उभ्या-उभ्या खातात. त्यांना तिथे अंडं दिसतं. मला फक्त पांढरा भाग दिसतो, आणि दर वर्षी मनात येतं, अरेरे, वाया गेला. शिजवलेल्या पांढऱ्या बलकातून आता काहीच काढता यायचं नाही.

मी आजपर्यंत अंडं चाखलेलं नाही. पण एका हिवाळ्यात मी ट्रेच्या ट्रे अंडी फोडली आहेत, आणि पिवळ्याचा एक दोरासुद्धा पांढऱ्यात उतरू न देता. हे मी कोणाला सांगत नाही. नातीच्या मागच्या वर्षीच्या डायरीत बरीच पानं कोरी राहिली होती, म्हणून तिथे लिहून ठेवते आहे.

तेव्हा आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे एका मंत्रालयाच्या स्टोअर विभागात होते. कागद, टाचण्या, पंखे, खुर्च्या, जे काही सरकारला लागतं ते यांच्या सहीने आत येई आणि यांच्या सहीने बाहेर जाई. घरातही यांची नजर तशीच होती. पाटा जागेवर आहे का, चाळणी कोणी नेली. यांची भाची शुभदा मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेऊन मैत्रिणीबरोबर राहत होती आणि जवळच्या एका संस्थेत संशोधन करत होती. दर रविवारी ती आमच्याकडे येई. गरम पाण्याने न्हाई, वरणभात खाई आणि उन्हात केस वाळवत झोपी जाई.

मला तिची भीती वाटे. तशी मला सगळ्यांचीच वाटे. आजही वाटते, पण आता वयामुळे लोक त्या भीतीला शांत स्वभाव म्हणतात. मी चौथी शिकलेली आणि ही पोरगी इंग्रजीत शिंकणारी. जेवताना मी तिला "अजून वाढू?" एवढं विचारत असे. ती "नको मामी" म्हणे आणि मी वाढत असे. आमचं बोलणं तिथे संपे.

त्या रविवारी मात्र ती झोपली नाही. ताटावरच म्हणाली, "मामा, तुमची कोठीची खोली मला दोन महिने द्याल?"

"कशाला?" हे म्हणाले.

"अंडी ठेवायला."

यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आमच्या घरात तो शब्दसुद्धा कधी आला नव्हता. माझी नजर आपोआप देवांकडे गेली.

मग शुभदाने सगळं सांगितलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकात एक द्रव्य असतं. आतल्या पिल्लाला जंतू लागू नयेत म्हणून ते राखण करतं, जंतूंच्या भिंतीच फोडून टाकतं. त्या द्रव्याचे खडे पाडता येतात, खडीसाखरेसारखे. एका खड्यात त्याचे कोट्यवधी कण ओळीत उभे असतात, आणि क्ष-किरण सोडले की त्या एका कणाचा घाट कसा आहे ते कळतं. आता त्या खड्यांत निकेल, कोबाल्ट, तांबं असे धातूंचे क्षार घालायचे आणि बघायचं, धातू नेमका कुठे जाऊन बसतो आणि त्यामुळे त्या कणाचा घाट वाकतो का.

"बाहेरून मागवलेली पावडर महिनाभर अडकून पडली आहे," ती म्हणाली. "म्हणून मी ती अंड्यांपासून स्वतः काढणार. पण लॅबमध्ये दिवसातून चारदा लाइट जाते. कधी गरम, कधी गार. खडे धड वाढत नाहीत. तुमच्या कोठीला खिडकी नाही, उन्हाची भिंत नाही. हिवाळाभर तिथे एकसारखी थंडी असते. मी मागच्या वर्षी तिथे लाडू शोधायला गेले होते तेव्हाच लक्षात आलं."

"आणि नाही दिली तर?"

शुभदा हसली, पण ताटातला भात नुसता चिवडत राहिली. "संक्रांतीनंतर बंगलोरच्या मशीनवर मला तीन दिवस मिळाले आहेत. धातू घेतलेला एक तरी धड खडा नेला नाही तर पुढचा नंबर वर्षाने. आणि माझी शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच आहे. चार वर्षं गेलीच म्हणायची."

यांनी हात धुतले, नॅपकीनला पुसले, चष्मा लावला. मग म्हणाले, "आपल्या घरात अंडं येणार नाही. पण संशोधनाचं मटेरियल येऊ शकतं. मटेरियल शाकाहारी नसतं आणि मांसाहारीही नसतं. ते मटेरियल असतं."

त्या दिवसापासून घरात तोच शब्द चालू झाला. "मटेरियल आलं का?" "मटेरियल जरा सावकाश उचला." हे स्वतः ऑफिसच्या कँटीनमध्ये आमलेट खात होते हे मला ठाऊक होतं. हिवाळ्यात यांच्या स्वेटरला कांद्याचा आणि मिरीचा वास येई. मी कधी बोलले नाही. हेही माझ्यासमोर कधी ढेकर देत नसत.

पहिल्या रविवारी शुभदाने स्वतः अंडी फोडायला घेतली. तीन फोडली, तिन्हींचं पिवळं फुटलं. "पिवळं उतरलं की सगळं बिघडतं," असं म्हणत ती चौथं फोडायला लागली. माझ्याने बघवेना. वाया जाणारी वस्तू बघितली की माझी लाज जरा मागे सरते. मी पदर खोचला, तिच्या हातातून ते अंडं घेतलं, वाटीच्या कडेवर टिचकवलं आणि तळहातावर सोडलं. बोटं जराशी फाकवली. पांढरं आपलं आपण खाली ओघळलं आणि पिवळं हातात राहिलं, गुबगुबीत, जिवंत असल्यासारखं. अंगावर शहारा आला. पण हाताला ते जमलं होतं.

"मामी!" शुभदा म्हणाली. "अजून एक करून दाखवा."

मी ट्रे संपवला.

त्या रविवारी मी दुपारी बारा वाजता, दिल्लीच्या थंडीत, डोक्यावरून आंघोळ केली. दुसऱ्या रविवारी नुसते हातपाय धुतले. तिसऱ्या रविवारी हात धुतले. चौथ्या रविवारी दाराची बेल वाजली तेव्हा मी पदराला हात पुसून दार उघडलं. धर्म बुडायला किती वेळ लागतो, ते मला तेव्हा कळलं. महिनासुद्धा लागत नाही.

ते पांढरं आम्ही मलमलीच्या फडक्यातून गाळून काचेच्या बरण्यांत भरायचो. शुभदा त्यात मीठ घाली, एका बाटलीतले थेंब घाली आणि शेवटी आधीच्या खड्यांची चिमूटभर पूड. "हे विरजण," ती म्हणाली, आणि माझी भीती एकदम अर्धी झाली. विरजण मला कळतं. झाकण ठेवायचं, हलवायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. शुभदाला मात्र सारखं बघायची सवय होती, मी तिला कोठीच्या दाराशी जाऊ देत नसे. चौथ्या दिवशी बरणीच्या तळाशी बारीक, चमचमती रेती बसलेली असे. त्या दिवशी येऊन शुभदा ती लॅबमध्ये नेई, स्वच्छ करून आणी आणि काचेच्या पसरट वाट्यांत पुन्हा लावी. मग त्यातून खरे खडे वाढत. राईएवढे, कडा तासलेले, आरपार दिसणारे. भिंगातून पाहिलं की असं वाटे, कोणी तरी फार शांत माणसाने हे घडवले आहेत.

ते द्रव्य माणसाच्या अश्रूंतही असतं, असं तिने एकदा सांगितलं. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मग एवढं मटेरियल कशाला आणायचं? तुझ्या मामीला मी रोज दोन वाट्या सहज मिळवून दिल्या असत्या."

"मामा, त्यासाठी कोणी रडावं लागतं."

"तेच म्हणतोय मी."

पांढरं कोठीत गेलं, तरी पिवळं उरे. पातेलं भरून. ते टाकायचं कुठे? माझ्या हातून टाकवेना. समोरच्या क्वार्टरमध्ये सेठीबाई राहत. उंच, मोकळ्या आवाजाच्या, घरात चार खाणारी माणसं. मी झाकलेलं पातेलं त्यांच्या दारात ठेवत असे, बेल वाजवत असे आणि त्या दार उघडायच्या आत आमच्या घरात परत येत असे. दोनदा असं झाल्यावर तिसऱ्यांदा त्या दाराआडच उभ्या होत्या.

"पकड़ लिया!" त्या म्हणाल्या. "भाभीजी, ये पीला-पीला कहाँ से आता है? और सफेद कहाँ जाता है?"

मी मान हलवली. मान हलवणं ही माझी सगळ्या प्रश्नांवरची एकच युक्ती होती. अडचण एवढीच, की तिचा अर्थ समोरचा आपल्या सोयीने लावतो.

ती वर्षं अशी होती, की कॉलनीतली दर दुसरी बाई काही तरी सुरू करत होती. कोणी घरातच ब्युटी पार्लर काढलं, कोणी सलवार-सूट विकायला बसली, कोणी डबे द्यायला लागली. टीव्हीवर नवीन वाहिन्या आल्या होत्या. गच्चीवरच्या तारांवर कबुतरांना बसायला जागा उरली नव्हती. संध्याकाळी बाया स्वेटर विणत गुडगावच्या आणि नोएडाच्या फ्लॅटांबद्दल बोलत. कुठे लिफ्ट असणार, कुठे बाथरूमला टब असणार. अशा हवेत एक गप्प बाई दर रविवारी ट्रेच्या ट्रे अंडी मागवते, याचा अर्थ काय होणार? मी केक करून विकते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. खालच्या मजल्यावरच्या एका बाईने मला जिन्यात गाठून विचारलं, "गुरुवार को बेटी का बर्थडे है, बना दोगी ना?" आणि माझी मान हलली.

मी रडकुंडीला येऊन सेठीबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्या इतक्या हसल्या, की त्यांना खाटेवर बसावं लागलं. मग त्यांनी त्यांचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन काढला आणि आमच्याच पिवळ्यांचा केक भाजला. पांढरं नसलेला केक. तो फुगला नाही, आणि रंगाने थेट झेंडूसारखा निघाला. वाढदिवसाच्या घरी सगळ्यांना तो खास महाराष्ट्रातला प्रकार वाटला. आणखी दोघींनी ऑर्डर दिली. त्यानंतर मी जिना उतरताना खाली कोणी नाही ना, ते बघूनच उतरू लागले.

डिसेंबर सरत आला तेव्हा कोठीत खड्यांच्या वाट्या ओळीने मांडल्या होत्या. शुभदाने धातूंच्या क्षारांच्या बाटल्या आणल्या. निकेलची हिरवी, कोबाल्टची गुलाबी, तांब्याची निळी. वाळ्याचं सरबत, गुलाबाचं सरबत असा तो थाट होता. प्रत्येक बाटलीवर तिने कवटी काढली होती, आणि यांनी कोठीला कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली.

तो रविवार मला स्वच्छ आठवतो. बाहेर इतकं धुकं, की समोरचं कडुलिंबाचं झाड नव्हतंच. शुभदा कोठीत उलट्या बादलीवर बसली आणि एका वाटीत तिने हिरवं पाणी ओतलं. भिंग डोळ्याला लावलं. मी मागे उभी होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग तिच्या तोंडून "अगं आई" असं निघालं आणि तिने भिंग माझ्या हातात दिलं. खडा तडकला होता. बांगडी पिचावी तशी एक रेघ आली, मग दुसरी, मग त्याचा चुरा झाला. गुलाबीतही तेच. निळ्यात तर खडा निळा झाला आणि मग नाहीसाच झाला.

"पाणी पातळ करून बघते," ती म्हणाली. पातळ केलं. पातळ पाण्यात खडे तडकले नाहीत, पण धातूही आत गेला नव्हता. खडे कोरेच राहिले, रंग चढलाच नाही. पुन्हा दाट केलं. पुन्हा चुरा. संध्याकाळपर्यंत निम्म्या वाट्या संपल्या. शुभदा बादलीवरच बसून रडायला लागली. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "मटेरियल वाया जातंय का गं?" हे विचारत होते ते वाट्यांबद्दल. मग यांनी आत डोकावून तिचे अश्रू पाहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी यांना स्वतः गॅस पेटवून चहा ठेवताना पाहिलं. चहात साखर घालायला ते विसरले. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.

मला त्याच क्षणी कळलं होतं, की चूक कुठे होते आहे. पण सांगणार कशी? चार वर्षं संशोधन केलेल्या मुलीला चौथी शिकलेल्या बाईने सांगायचं, की तुझं चुकतंय? सोमवारी मी ते वाक्य मनात जुळवलं. मंगळवारी फुलकोबी चिरताना फुलकोबीला सांगून पाहिलं. बुधवारी फुलकोबीला पटलंसं वाटलं. गुरुवारी मी पोस्टकार्ड घेऊन बसले, "चि. शुभदा हिस अनेक आशीर्वाद" एवढं लिहिलं आणि फाडून टाकलं. शेवटी शनिवारी यांना म्हटलं, "तिला म्हणावं, आज मुक्कामालाच ये. पहाटे हलवा करणार आहे. बघायला ये."

"हलवा बघायला? ती काय लहान आहे?"

"म्हणावं तर खरं."

संक्रांतीचा काट्याचा हलवा मी दर वर्षी करत असे. त्या वर्षी तर एका मराठी घरातल्या नव्या सुनेच्या दागिन्यांसाठी मागणी होती. दिल्लीची थंडी एरवी जीव घेते, पण हलव्याला ती आमच्या गावच्या थंडीपेक्षा मानवते. कोरडी, खोल, पहाटेची. मी शेगडीवर मंद निखारे ठेवले, परातीत तीळ घेतले आणि शुभदाला शेजारी पाटावर बसवलं. ती शालीत गुरफटून पेंगत होती.

मी अर्धा चमचा पाक तिळांवर सोडला आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहिले. पाक सुकला. मग पुन्हा अर्धा चमचा. पुन्हा सुकेपर्यंत बोटं. तासाभराने तिळांना पांढरं अंग आलं. अजून काही वेळाने बारीक काटे दिसू लागले. शुभदाची पेंग उडाली. ती पुढे सरकली.

मग मी मूठभर काटेरी तीळ दुसऱ्या ताटलीत घेतले आणि त्यांच्यावर पळीभर पाक एकदम ओतला. मला ते करताना वाईट वाटलं. काटे विरघळले, तीळ एकमेकांना चिकटले, ताटलीत एक लगदा उरला. मी ती ताटली तिच्या पुढ्यात ठेवली. वाक्य माझ्याजवळ तयार होतं, पण मला लाज वाटली.

शुभदा त्या लगद्याकडे बघत राहिली. मग परातीकडे. मग कोठीच्या दाराकडे.

"मामी," ती हळूच म्हणाली, "पाक तोच आहे ना? दोन्हीकडे तेवढाच दाट?"

मी मान हलवली. त्या वेळी तिचा अर्थ एकच होता.

"म्हणजे आधी थोडा. मग त्याला सवय होऊ द्यायची. मग अजून थोडा." ती उठून उभी राहिली, शाल शेगडीवर पडता पडता वाचली. "हे आमच्याकडे लिहिलेलं आहे मामी, मी वाचलंय, पण घाईत... दोन चमच्यांच्या मध्ये किती थांबायचं?"

"हाताला कळेपर्यंत."

"तुमच्या हाताला किती वेळात कळतं?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. मी मनात पाढे म्हणते. दोनापासून सुरू करते, तिसापर्यंत आले की पुढचा चमचा. शाळा सुटली तेव्हा एवढीच एक वस्तू घेऊन मी घरी आले होते. ती कधी हरवली नाही.

शुभदाने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. "म्हणा."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

मी भिंतीकडे तोंड करून पाढे म्हटले. सतराच्या पाढ्याला हे जागे होऊन दारात आले आणि एकोणतीसच्या पाढ्याला माझ्याबरोबर म्हणू लागले. ते चुकले. मी नाही.

त्या दिवशी कोठीत निकेलचं हिरवं पाणी काडीने थेंब थेंब पडलं. एक थेंब, सगळे पाढे, दुसरा थेंब. आधी पातळ पाणी, मग जरा दाट, मग आणखी दाट. शुभदा घड्याळाने मोजत होती, मी पाढ्यांनी, आणि आमचं दोघींचं जुळत होतं. दुपार झाली, जेवणं राहिली. पाचव्या दिवशी निकेलच्या वाटीतल्या तीन खड्यांवर फिकट हिरवी झाक आली, आणि ते अखंड होते. कोबाल्टचा एक टिकला. तांब्याचा एकही नाही. तांबं पहिल्यापासूनच उद्धट होतं.

स्टेशनवर शुभदाला पोचवायला आम्ही दोघं गेलो. लहान बाटल्यांत खडे, त्यांच्याभोवती कापूस, तो सगळा ऐवज माझ्या पितळी डब्यात. डबा यांनी छातीशी धरला होता. फलाटावर माणसांचा लोंढा. हे आधी म्हणत होते, "जरा संभाल के, रिसर्च है, रिसर्च है." कोणी ढुंकून पाहिलं नाही. एका पेटीचा कोपरा डब्याला लागता लागता राहिला. तेव्हा यांनी मान वर केली आणि आख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अरे भाईसाब, धक्का मत दो! अंडे हैं! अंडे!"

गर्दी दुभंगली. एका हमालाने तर हात आडवा धरून वाट करून दिली. शुभदा जागेवर बसली, डबा मांडीवर घेतला, आणि गाडी हलेपर्यंत यांच्याकडे बघून हसत राहिली. परत येताना बसमध्ये आम्ही तो विषय काढला नाही.

मग सुरू झाली ती खरी थंडी. कोठी रिकामी झाली होती. मला सकाळी उठल्यावर तिथे जाऊन उभं राहायची सवय लागली होती, ती जाईना. मापं घ्यायला तीन दिवस, आणि मग त्यांची गणितं सोडवायला अजून पंधरा दिवस, असं शुभदा सांगून गेली होती. मी दिवस धरत होते. प्रवासात खडे हलले असतील. तिथे उकडत असेल. आणि सगळं नीट झालं, तरी धातू कुठे बसलाच नसेल तर? नुसता वरवर रंग लागला असेल, हळदीच्या हातासारखा? मुलगी परत येईल, वरणभात खाईल, केस वाळवेल आणि तिच्या गावी निघून जाईल. मला ती "नको मामी" म्हणणारी हवी होती, पण अशी हरलेली नको होती.

फेब्रुवारीतली ती दुपार. हे ऑफिसात. मी उन्हात गाजरं किसत बसले होते आणि जिन्यातून सेठीबाईंचा आवाज आला, "भाभीजी! फोन! बंगलौर से! जल्दी, एस.टी.डी. है!"

फोन त्यांच्याकडेच होता. यांचे निरोप तिथेच येत, पण मी तो कधी कानाला लावला नव्हता. हातांना गाजराचा रस होता. सेठीबाईंनी रिसीव्हर माझ्या कानाशी दाबून धरला. घरातली सगळी माणसं, त्यांच्या सासूबाईंसकट, माझ्याकडे बघत उभी.

"मामी? ऐकू येतंय का?"

मी मान हलवली.

"मामी, बोला ना!"

"हो," मी म्हटलं.

"बसला मामी! निकेल बसला! आत, एका जागी, अगदी स्पष्ट दिसतोय."

 मनात जे महिनाभर घोळत होतं ते विचारणं भाग होतं. "आणि घाट? घाट वाकला का गं?"

"नाही. म्हणजे अगदी जरासा. जिथे निकेल बसला, तिथल्या शेजाऱ्याने थोडं अंग चोरून घेतलं आहे. बसमध्ये कोणी बाई येऊन टेकली तर आपण गुडघा आत घेतो ना, तेवढंच. बाकी सगळा कण जसाच्या तसा. रांगसुद्धा हललेली नाही."

"म्हणजे काही झालं नाही?" माझा आवाज चढला असावा, कारण सेठीबाईंच्या सासूबाई दचकल्या. "चार वर्षं, एवढे ट्रे, आणि काही झालंच नाही?"

 तिकडे शुभदा हसायला लागली. इतकी हसली, की मला वाटलं लाइन कापली जाईल. "हो मामी. धातू आत बसूनही काही होत नाही, हेच तर मला कोणाला दाखवता येत नव्हतं. आता दाखवता येईल. सर म्हणाले, लिहायला बस. मी येतेय शनिवारी. मामी, तुम्ही एवढं मोठ्याने बोलता?"

फोन बंद झाला.  सेठीबाईंना राहवेना.

"क्या हुआ, भाभीजी? लड़का पसंद आ गया?"

मी मान हलवणार होते. हलवली नाही.

"कुछ नहीं हुआ, भाभीजी," मी म्हटलं. "बिल्कुल कुछ नहीं हुआ. बहुत अच्छा हुआ."

सेठीबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना त्यातलं काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. पण त्यांनी मला गाजराच्या हातांसकट ओढून मिठी मारली, पंजाबी मिठी, श्वास कोंडेल अशी. मला हात कुठे ठेवायचे ते सुचेना. मग ठेवले.